निशाण बदलावे काय?

या वर्षीच्या व्याख्यानमालेचे चिटणीस आमच्याकडे विषय मागावयास आले, तेव्हा आम्ही "राष्ट्राने आपले निशाण बदलावे काय?" हा विषय सांगितला. ते जरा थबकले. आमच्यासारख्या युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे, कंत्राटी कामगारांवर बोलावे, फार तर लोकलच्या गर्दीवर बोलावे, अशी त्यांची कल्पना असावी. आणि ती रास्तच आहे. पण निशाण हा आमच्या धंद्यातलाच विषय आहे. तीस वर्षे आम्ही कारखान्यांच्या गेटवर निशाणे बांधीत आलो आहोत. काठी कसली घ्यावी, दोरी किती लागते, कोणत्या कापडाचा रंग पहिल्याच पावसात उतरतो, एवढे आम्हांस पुस्तकांवाचून ठाऊक आहे. पुढे जे पुस्तकांतले येईल ते मात्र रात्रशाळेनंतर वाचनालयाच्या बाकावर बसून जमविलेले आहे. १९८२ च्या गिरणी संपात घरची चूल थंडावली आणि आमची दिवसाची शाळा सुटली. वाचनाची सवय लागली ती रात्रीचीच. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा श्रोत्यांनी ठेवू नये.

हा विषय डोक्यात शिरला तो घाटकोपर स्टेशनाबाहेरच्या एका चहाच्या टपरीवर. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला 'विक्रांत' ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली आणि त्याच समारंभात नौदलाचे नवे निशाण फडकले. त्यात शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन होता. दुसऱ्या दिवशी टपरीवर दुसरा विषय नव्हता. एक गृहस्थ म्हणाले, "बरे झाले, इंग्रजांचे शेवटचे चिन्ह गेले." दुसरे म्हणाले, "आता एवढे केले तसे तिरंग्याचेही काय ते बघून टाका." हे दुसरे गृहस्थ आमच्याच युनियनचे सभासद. त्यांच्या मनात कोणता झेंडा होता हे आम्ही विचारले नाही, कारण त्यांच्या शेजारी बसलेल्या तिसऱ्याच्या मनात निराळाच असणार हे आम्हांस माहीत होते. तिरंगा बदलण्याचा प्रस्ताव कोणी रीतसर मांडलेला आमच्या ऐकिवात नाही. पण प्रश्न एकदा चहाच्या कपावर आला की तो केव्हातरी सभेत येतोच. तेव्हा त्याचा आधी विचार केलेला बरा.

प्रथम नौदलाचीच गोष्ट नीट समजून घेऊ. तिच्यात निशाण बदलण्याची सगळी हौस, सगळी अडचण आणि थोडी फजितीही आहे. नौदलाचे निशाण म्हणजे राष्ट्रध्वज नव्हे. ते जहाजाच्या ओळखीचे निशाण. त्याच्या काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात राष्ट्रध्वज असतो. इंग्रजांच्या काळी पांढऱ्या कापडावर सेंट जॉर्जचा लाल क्रूस आणि कोपऱ्यात युनियन जॅक असे. २६ जानेवारी १९५० ला आपण प्रजासत्ताक झालो, तेव्हा कोपऱ्यातला युनियन जॅक जाऊन तेथे तिरंगा आला. लाल क्रूस मात्र जागच्या जागी राहिला. हे बरे नव्हे, असे नौदलातल्याच काहींना वाटत होते. व्हाइस ॲडमिरल बार्बोझा यांनी १९७० च्या दशकात हे निशाण बदलण्याची सूचना केली होती. ती प्रत्यक्षात यावयास २००१ चा १५ ऑगस्ट उजाडला. त्या दिवशी क्रूस निघाला आणि पांढऱ्या कापडावर नौदलाचे निळे बोधचिन्ह आले. सर्वांना आनंद झाला.

आणि मग जहाजे समुद्रात गेली. वर निळे आकाश, खाली निळा समुद्र, मध्ये पांढऱ्यावर निळे चिन्ह. दुरून ते ओळखू येईना! तक्रारी झाल्या. अखेर २५ एप्रिल २००४ ला लाल क्रूस परत आला, त्याच्या मध्यावर अशोकस्तंभाचे राजचिन्ह बसविले गेले; २०१४ मध्ये त्याखाली 'सत्यमेव जयते' ही अक्षरे आली. म्हणजे अभिमानाने काढलेला क्रूस अडचणीने परत आणावा लागला आणि तो आणखी अठरा वर्षे फडकला. २०२२ चे निशाण याच अनुभवातून शहाणे होऊन निघालेले दिसते. चिन्ह या वेळीही निळेच, पण भरीव निळा अष्टकोन, त्याला सोनेरी दुहेरी कड, आत नांगरावर राजचिन्ह आणि 'शं नो वरुणः' हे ब्रीद.

निशाणाचे पहिले काम दुरून ओळखू येणे हे आहे. त्याचा अर्थ, त्याचा इतिहास, त्याची शोभा हे सारे त्यानंतर. आकाशात मिसळून जाणारे निशाण आणि मालकाच्या केबिनमध्ये शिरल्यावर दिसेनासा होणारा पुढारी, दोघांचा उपयोग सारखाच. जुन्या लोकांना हे पक्के कळत होते. लढाईत सैन्याला धूळ उडाल्यावर सेनापती दिसत नसे, निशाणाचा हत्ती दिसे. वारीत आपली दिंडी चुकलेला म्हातारा पताका बघत बघत आपल्या माणसांत येतो. वारकऱ्याची ती पताका कोणत्या समितीने ठरविली, कोणत्या साली ठरविली, हे कोणी विचारीत नाही.

याच मुंबई बंदरात निशाणाची आणखी एक गोष्ट घडली आहे, आणि नौदलाच्या निशाणाविषयी बोलताना ती आम्हांस टाळता येत नाही. १८ फेब्रुवारी १९४६ ला 'तलवार' या नौदलाच्या केंद्रावरच्या खलाशांनी निकृष्ट अन्न आणि अपमानाची वागणूक यांविरुद्ध काम बंद केले. पाहता पाहता बंदरातल्या जहाजांवर लोण पसरले. त्यांनी इंग्रजी निशाणे उतरविली. पण मग वर काय चढवावयाचे? देशाचे म्हणून ठरलेले निशाण तेव्हा नव्हतेच. त्या पोरांनी काँग्रेसचे, मुस्लिम लीगचे आणि कम्युनिस्टांचे लाल अशी तीन निशाणे एकत्र चढविली. २२ तारखेला मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्यांच्या बाजूने संप केला; गोळीबारात शेकडो माणसे मेली. त्या तीन निशाणांपैकी एकाही पक्षाच्या मोठ्या पुढाऱ्याने ती एकत्र बांधली नसती. खलाशांनी बांधली, कारण त्यांना त्या घटकेला एकमेकांची गरज होती. दीड वर्षाने देश स्वतंत्र झाला तो फाळणी घेऊन. ती तीन निशाणे पुन्हा एका काठीवर आली नाहीत.

आता तिरंग्याकडे वळू. पुष्कळांची समजूत असते की तिरंगा आहे तसाच कोणा एका थोर पुरुषाच्या डोक्यातून निघाला. तसे नाही. तो निदान चार वेळा बदलून येथवर आला आहे. ज्याला 'बदलावे काय?' हे ठरवावयाचे आहे, त्याने 'कसकसे बदलत आले?' हे आधी पाहावे.

२२ ऑगस्ट १९०७ ला जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरी मुंबईच्या मादाम कामा यांनी हिंदुस्थानचे निशाण फडकविले. कोठे फडकविले? राजेरजवाड्यांच्या दरबारात नव्हे. आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत, जगभरच्या कामगार प्रतिनिधींपुढे. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण शाळेच्या पुस्तकांत निशाण असते आणि परिषद गळालेली असते. ते निशाण पुढे हिंदुस्थानात आले आणि आज पुण्याला केसरी-मराठा संस्थेत जपून ठेवलेले आहे. श्रोत्यांपैकी कोणी पुण्यास गेले तर लक्ष्मी रोडवरची खरेदी आटोपल्यावर तेवढी वाट वाकडी करावी.

त्यानंतर होमरूलच्या चळवळीत लोकमान्य टिळक आणि ॲनी बेझंट यांचे निशाण आले. त्यात लाल आणि हिरवे पट्टे होते, सात तारे होते, आणि कोपऱ्यात युनियन जॅकही होता. आज हे वाचून कोणाला आश्चर्य वाटेल. पण मागणी साम्राज्यांतर्गत स्वराज्याची होती, आणि निशाण मागणीपेक्षा पुढे धावले नाही. त्यात लबाडी नव्हती.

१९२१ मध्ये बेझवाड्याला पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींपुढे लाल-हिरव्या निशाणाचा नमुना ठेवला. गांधीजींच्या सूचनेने त्यात पांढरा पट्टा आणि चरखा आले. लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकीच्यांचा असा अर्थ त्या वेळी लावला गेला. हेच निशाण घेऊन १९२३ मध्ये नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला. १ मे पासून १८ ऑगस्टपर्यंत तुकडीमागून तुकडी निघत होती आणि तुरुंगात जात होती. आधी जमनालाल बजाज आणि ते तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेल यांनी तो चालविला. निशाण हातात घेऊन सरळ रस्त्याने चालत जावयाचे, एवढीच त्यांची मागणी होती.

पण रंगांना माणसे वाटून दिली की वाटणीचे भांडण आलेच. शीख म्हणाले, आमचा रंग कोठे? प्रश्न रास्त होता. तेव्हा १९३१ मध्ये काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. तीत पटेल, आझाद, नेहरू, मास्टर तारासिंग, पट्टाभि सीतारामय्या होते. साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर होते, आणि सेवादलाचे संस्थापक हुबळीचे डॉ. हर्डीकर होते. या समितीने सुचविले की वाटणीची भानगडच नको. सगळे निशाण एका केशरी रंगाचे असावे आणि कोपऱ्यात चरखा असावा. अशा समितीची अशी सूचना! आज एकमेकांवर ओरडणाऱ्या दोन्ही बाजूंना ही गोष्ट ठाऊक नसते, आणि ठाऊक झाली तर दोन्ही बाजू अडचणीत येतील.

अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईला भरली. तिने ही सूचना स्वीकारली नाही. तीन रंग ठेवले, केशरी वर घेतला, मध्ये पांढऱ्यावर निळा चरखा ठेवला आणि त्याबरोबर एक फार मोलाची गोष्ट केली. रंगांचे अर्थ बदलले. यापुढे कोणताही रंग कोणत्याही जमातीचा नाही. केशरी धैर्य व त्याग, पांढरा सत्य व शांती, हिरवा श्रद्धा व शौर्य. म्हणजे कापड जवळजवळ तेच राहिले आणि अर्थ नवा झाला. अर्थ बदलावयाचा असेल तर कापड बदलावेच लागते असे नाही, हे आमच्या या मुंबईत सिद्ध झालेले आहे.

१९४७ च्या जून महिन्यात डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली ध्वज समिती बसली, तीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, सरोजिनी नायडू होत्या. २२ जुलै १९४७ ला पंडित नेहरूंनी घटना समितीत ठराव मांडला. सभागृहाला दाखवावयास त्यांनी दोन ध्वज आणले होते, एक रेशमाचा आणि एक सुती खादीचा. चरख्याच्या जागी अशोकचक्र का, याचे एक कारण त्यांनी अगदी शिंप्याच्या दृष्टीचे दिले. चरखा एका बाजूने पाहिला तर चाक इकडे आणि चाती तिकडे, दुसऱ्या बाजूने पाहिले तर उलट. चक्र दोन्ही बाजूंनी सारखे. ह. वि. कामथ यांना चक्रात स्वस्तिक हवे होते. त्यांनी आपली उपसूचना मागे घेतली. गांधीजींना चरखा गेल्याचे दुःख झाले आणि त्यांनी ते लपविले नाही. ठराव एकमताने संमत झाला.

या ठरावाची भाषा फार थोड्या लोकांनी वाचलेली असते. तीत चक्राविषयी असे सांगितले आहे की, पांढऱ्या पट्ट्यावर गडद निळे चाक असेल आणि ते चरख्याचे प्रतीक असेल. त्याची घडण मात्र सारनाथच्या स्तंभावरील चक्राची असेल. म्हणजे कायद्याने पाहिले तर चरखा गेलेलाच नाही. अशोकाचे रूप घेऊन तो आजही पांढऱ्या पट्ट्यावर बसलेला आहे. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. तिच्यावाचून आम्हांस पुढे सांगावयाचे ते कळणार नाही.

बाहेरच्या देशांचे थोडक्यात सांगतो. न्यूझीलंडने २०१५-१६ मध्ये ध्वज बदलावा की नाही यावर दोनदा लोकमत घेतले. दहा हजारांवर नमुने लोकांनी पाठविले. सुमारे २ कोटी ६० लाख डॉलर खर्च झाला. अखेर शंभरांतल्या साडेछप्पन्नांहून थोड्या अधिकांनी जुनाच ठेवा म्हणून सांगितले. तेथे देशात काही नवे घडलेले नव्हते, नुसता ध्वज नवा करावयाचा होता. कॅनडात १९६४ मध्ये संसदेत महिनोन् महिने वाद झाला. जुन्या निशाणाखाली ज्यांचे सोबती लढाईत पडले ते जुने सैनिक विरोधात होते, आणि त्यांची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. तरी १५ फेब्रुवारी १९६५ ला मेपलच्या पानाचा ध्वज आला आणि तो टिकला. दक्षिण आफ्रिकेत २७ एप्रिल १९९४ ला, काळ्यागोऱ्या सर्वांनी प्रथमच मतदान केले त्याच दिवशी, नवा ध्वज वर चढला. तो आधी तात्पुरता म्हणून होता. लोकांनी असा उचलून धरला की दोन वर्षांनी राज्यघटनेत कायम झाला. आणि जर्मनीने काय केले? पहिल्या महायुद्धानंतर प्रजासत्ताकाचा ध्वज काळा-लाल-सोनेरी ठरविला, पण कैसरच्या काळ्या-पांढऱ्या-लालवाल्यांना खूष ठेवण्यासाठी व्यापारी जहाजांना तोही रंग ठेवू दिला. दोन्ही दगडांवर पाय! १९२६ मध्ये वकिलातींवर कोणता ध्वज लावावा या हुकुमावरून चॅन्सलर लूथर यांना राजीनामा द्यावा लागला. सात वर्षांनी जे आले त्याने सगळेच रंग पुसून टाकले.

या साऱ्यावरून आमचे मत असे झाले आहे की घर बदलले तर पाटी बदलावी. पाटी बदलून घर बदलत नाही. दक्षिण आफ्रिकेत घर बदलले होते. आपले १९४७ मध्ये बदलले होते. नौदलाच्या निशाणावरचा क्रूस ही गेलेल्या घरमालकाच्या नावाची पाटी होती, ती उशिरा का होईना निघाली, याबद्दल आमची तक्रार नाही. तिरंगा ही मात्र आपण स्वतः, भांडून, उपसूचना मांडून आणि मागे घेऊन, लावलेली पाटी आहे.

येथे आमची एक चूक सांगितली पाहिजे. १९९० च्या दशकात, मुलुंड-भांडुपच्या पट्ट्यात कारखाने अजून उभे होते त्या काळी, एका इंजिनिअरिंग कारखान्यात टाळेबंदी झाली. कारखान्याचे नाव सांगत नाही. आज तेथे टोलेजंग इमारती आहेत. गेटवर मांडव घातला तेव्हा निशाण नव्हते. एका कामगाराच्या घरधनिणीने घरातल्या लाल परकराचे कापड फाडून, दोन बाजूंना टीप मारून निशाण करून दिले. त्याखाली माणसे पाच महिने बसली. त्या पाच महिन्यांत कोणी मंगळसूत्र गहाण टाकले, कोणी मुलाला गावी धाडले, एक जण मांडवातच गेला. करार झाल्यावर आम्हांस हौस आली. आम्ही दादरहून साटिनचे झकास निशाण करून आणले, त्यावर पिवळ्या अक्षरांत युनियनचे नाव. ते घेऊन आम्ही गेटवर गेलो आणि जुने उतरवावयास सांगितले. कोणी हलेना. शेवटी एक जुना टर्नर म्हणाला, "साहेब, नवे लावायचे तर लावा. पण हे उतरवायचे असेल तर तुम्ही स्वतः चढा." आम्ही काठीकडे पाहिले, त्या विटलेल्या परकराकडे पाहिले आणि साटिनचे निशाण पुन्हा पिशवीत घातले. ते कित्येक वर्षे आमच्या कपाटात होते.

आता आम्ही ज्यासाठी हा विषय घेतला तिकडे येतो. तिरंग्याचे रंग बदलावे काय यावर टपरीवर चर्चा चालली असता तिरंगा बदलून गेलेला होता, आणि कोणाला पत्ता नव्हता. रंग नव्हे, कापड.

भारतीय मानक संस्थेने, म्हणजे आताच्या मानक ब्यूरोच्या पूर्वीच्या संस्थेने, पहिले मानक कशाचे केले ठाऊक आहे? सिमेंटचे नव्हे, लोखंडाचेही नव्हे. १९५१ मधले 'आयएस १' हे मानक राष्ट्रध्वजाचे आहे. पुढे १९६४ मध्ये ते मीटरच्या मापात आणले, १९६८ मध्ये पुन्हा सुधारले. त्यात नऊ मापे आहेत, सर्वांत मोठे ६३०० मिलिमीटर लांब व ४२०० रुंद, सर्वांत लहान १५० लांब व १०० रुंद, म्हणजे हाताच्या पंजाएवढे. कापड दोन जातींचे लागते. अंगाला हातसुताची, हातमागाची पातळ खादी; आणि दोरी ओवावयाच्या पट्टीला जाड खादी, जिची वीण दोन धाग्यांऐवजी तीन धाग्यांची असते. ती विणणारे हात देशात मोजके आहेत. चक्राचे चोवीस आरे दोन्ही बाजूंनी एकमेकांवर तंतोतंत बसावे लागतात. सूत, वीण, रंग, शिवण तपासून मग शिक्का.

हे काम करणारी माणसे कोठे आहेत? हुबळीजवळ बेंगेरीला, कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघात, बहुतेक बायका. आपल्या महाराष्ट्रात मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीकडे. उदगीरला कापड विणतात, नांदेडला ध्वज शिवतात. आणि या साऱ्या खादीच्या कारभाराची मुख्य कचेरी आपल्या उपनगरातच, पार्ल्याच्या इर्ला रोडवर आहे. तिच्यासमोरून रोज हजारो माणसे जातात. बोरिवलीचे कोरा केंद्र म्हटले की हल्लीच्या मुलांना नवरात्रातला गरबा आठवतो. ती जागा मूळची ग्रामोद्योगाची आहे.

२००२ च्या ध्वजसंहितेत राष्ट्रध्वज हातसुताचा, हातमागाचा असावा असे होते. ३० डिसेंबर २०२१ ला तीत दुरुस्ती झाली. यंत्रावर केलेला चालेल, पॉलिएस्टरचाही चालेल. कारण उघड होते. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवात १३ ते १५ ऑगस्ट २०२२ या दिवसांत कोट्यवधी घरांवर तिरंगा लावावयाचा होता, आणि तेवढी खादी तेवढ्या वेळात देशातले सगळे माग मिळूनही विणू शकले नसते. हे कारण खोटे नाही. गरिबाला परवडेल असा ध्वज मिळाला, ही गोष्टही आम्ही कमी लेखीत नाही. आपल्या घरावर ध्वज लावण्याचा हक्क नागरिकाला आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितले होते. महाग कापडाने तो हक्क निम्मा कागदावर राहत होता. सुरतेच्या गिरण्यांना ध्वजांची मोठी कामे मिळाली; तेथे यंत्रावर उभा राहणारा माणूसही कामगारच आहे, आणि त्याचा पगार आम्हांस नांदेडच्या बाईच्या मजुरीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

तक्रार आहे ती निराळी. रंगाला हात लावावयाचा असता तर संसदेत आठवडाभर गदारोळ झाला असता. कापडाला हात लागला तो एका परिपत्रकाने. बेंगेरीच्या लोकांनी निदर्शने केली, निवेदने धाडली. आमच्या मुंबईच्या वर्तमानपत्रांत त्याच्या चार ओळी आल्या. वर सांगितलेला ठराव आता पुन्हा आठवावा. ध्वजावरचे चाक हे चरख्याचे प्रतीक आहे असे ठरावात आहे, आणि ज्या कापडावर ते चाक छापले जाते ते चरख्याजवळून गेलेले नाही. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीवर परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा होऊन मेला तो बाबू गेनू गिरणी कामगार होता. तो निशाणाच्या रंगासाठी मेला नाही, कापडासाठी मेला. खादी हवी की पॉलिएस्टर, याचे उत्तर काहीही येवो. निशाण बदलले असे आपण कशाला म्हणतो, एवढे तरी सभेत ठरावयास हवे होते.

त्या २०२२ च्या ऑगस्टात आमच्या चाळीत ध्वजांचा गठ्ठा आला. फुकट आला. त्यातल्या काहींत चक्र मध्यावर नव्हते, एका अंगाला सरकले होते. एकाचा पांढरा पट्टा इतरांहून रुंद होता. पोरांनी चांगले निवडून घेतले. सोळा तारखेला त्यांतले दोन नाल्याच्या जाळीत अडकलेले आम्ही स्वतः काढून आणले. फाटका, मळका ध्वज कोणाच्या नजरेपुढे न आणता, शक्यतो जाळून, अखंड नष्ट करावा असे संहिता सांगते. खादी जळते तेव्हा राख होते. हे दोन जाळले तेव्हा वितळून गोळा झाला आणि वास सुटला.

चाळीचा स्वतःचा खादीचा ध्वज होता. पंचवीसेक वर्षांपूर्वी वर्गणी काढून घेतलेला. तो गेल्या वर्षी कडेने उसवून विरला, म्हणून नवा घेण्याचा प्रश्न समितीपुढे आला. आम्ही खादीचा घ्यावा असे सुचविले. खादीचा जवळजवळ पाचपट महाग होता, पण पैशांचे कोणी बोलले नाही. बोलल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमचे सगळे खरे. पण ऑगस्टातला पाऊस तुम्हांला ठाऊक आहे. मागचा ध्वज भिजला की सुकायला दोन दिवस लागायचे, आणि दर वर्षी तो आमच्या दोरीवर, आमच्या कपड्यांत सुकायचा. इस्त्री मी करायची. गच्चीवर तुम्ही नमस्कार करून खाली उतरायचात. हा नवा झटकला की कोरडा होतो."

मत घेतले. सतरांपैकी सहा हात खादीसाठी वर गेले, त्यांत काकूंचाही होता.